हॉस्टेलवरचं एकट्याचं कुटुंब

घरात खाण्यावर किती खर्च होतो, हे पगारावर ठरतं की पानावर बसणाऱ्या माणसांवर? आणि घरातलं एक पान शहरात गेलं की हिशेब कसा बदलतो?

फॉर्मवर 'कुटुंबातील व्यक्तींची संख्या' असा रकाना आला की आपण डोळे झाकून चार किंवा पाच लिहितो. आई, बाबा, आपण, धाकटी बहीण, कधी आजी. पण केंद्र सरकारचा घरगुती खर्चाचा जो मोठा सर्व्हे असतो, त्याच्या नियमाने बघितलं तर हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींचं उत्तर वेगळं येतं. त्यांचं कुटुंब एकाच माणसाचं!

कारण या सर्व्हेत कुटुंब रक्ताच्या नात्यावर ठरत नाही, चुलीवर ठरतं. जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब. हॉस्टेल, मेस, लॉज इथे राहणारा प्रत्येक जण स्वतंत्र, एकट्याचं कुटुंब म्हणून मोजला जातो. उलट फ्लॅट घेऊन राहणारे तीन रूममेट कॉन्ट्री काढून एकत्र रांधत असतील, तर ते तिघे मिळून एक कुटुंब. नात्यात नसले तरी चालतं. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली' म्हणतात. सरकारी व्याख्या त्याच म्हणीवर बेतल्यासारखी वाटते.

ही नुसती गंमत नाही. कोणाची चूल किती जणांची आहे, त्यात लहान किती, वाढत्या वयाचे किती, कमावणारे किती, यावर ताटात काय पडतं ते ठरतं. पगार हा त्याचा अर्धाच भाग.

एंगेलचा नियम

आधी पगाराचा भाग बघू. 1857 मध्ये अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. (हा मार्क्सचा मित्र फ्रेडरिक एंगल्स नव्हे, परीक्षेत घोळ घालू नका.) त्याला दिसलं ते असं, की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला मोठा वाटा खाण्यावर जातो. उत्पन्न वाढतं तसा खाण्यावरचा खर्च रुपयांत वाढतो, पण टक्क्यांत घटतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हा नियम शिकवतात. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी तो जवळपास सगळ्या देशांत लागू पडतो.

भारतात बघा. 1999-2000 मध्ये ग्रामीण घरांच्या खर्चातला 59.4 टक्के वाटा खाण्यावर जात होता. 2011-12 मध्ये तो 52.9 टक्के झाला आणि 2023-24 मध्ये 47 टक्के. शहरांत याच काळात तो 48 टक्क्यांवरून 39.7 टक्क्यांवर आला. 2023-24 च्या या पाहणीत देशभरातली 2 लाख 61 हजारांहून जास्त कुटुंबं होती, त्यामुळे आकडे हलक्यात घेण्यासारखे नाहीत.

खर्च रुपयांत किती? 2023-24 मध्ये ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 4,122 रुपये होता, शहरात 6,996 रुपये. त्यातला खाण्याचा वाटा काढला तर गावात माणशी साधारण 1,940 रुपये आणि शहरात साधारण 2,775 रुपये. म्हणजे गावात दिवसाला 65 रुपयांच्या आसपास, शहरात 92 च्या आसपास. चहा, दूध, भाजी, तेल, डाळ, बिस्किटं आणि टपरीवरचा वडापाव, सगळं त्यातच.

आता हा आकडा तुमच्या मेसच्या बिलाशेजारी ठेवा. त्याकडे परत येऊच.

पैसा आला की ताटात काय बदलतं?

पैसे वाढले की माणूस जास्त जेवतो, असं आपल्याला वाटतं. पण पोटाला मर्यादा असते. याचं सगळ्यात नीट उत्तर महाराष्ट्राच्याच गावांतून मिळालं आहे. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन (डीटन यांना 2015 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी 1983 मधली ग्रामीण महाराष्ट्रातल्या 563 गावांची, 5,630 कुटुंबांची माहिती तपासली आणि 1996 मध्ये निष्कर्ष मांडले. घरखर्च 10 टक्क्यांनी वाढला तर खाण्यावरचा खर्च साधारण साडेसात टक्क्यांनी वाढत होता. पण कॅलरी वाढत होत्या त्याच्या निम्म्याच. मग बाकीचे पैसे कुठे गेले? त्याच कॅलरी महाग रूपात घेण्यात. ज्वारीच्या जागी गहू आणि तांदूळ, जोडीला साखर, दूध, मटण.

तेव्हा ज्वारी गरिबाची होती. आज तीच भाकरी हॉटेलच्या मेन्यूकार्डवर 'हेल्दी' म्हणून मिरवते, हा भाग वेगळा. पण दिशा तीच राहिली आहे. 1999-2000 मध्ये ग्रामीण घरखर्चातला 22 टक्के वाटा नुसत्या धान्यावर जात होता. 2023-24 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला. आता खाण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा गट आहे तो पेयं, तयार आणि पाकीटबंद पदार्थांचा. गावात 9.84 टक्के, शहरात 11.09 टक्के. वेफर्सचं पाकीट, कोल्ड्रिंक आणि बाहेरचं जेवण मिळून गहू-तांदळाच्या पुढे निघून गेले आहेत.

पानावर कोण बसतं?

आता दुसरा अर्धा भाग. दोन घरं घ्या. दोघांकडे चार माणसं, दोघांचा पगार तीस हजार. एका घरात आई-बाबा आणि दोन लहान मुलं, दुसऱ्यात आई-बाबा आणि कॉलेजातली दोन मुलं. दोघांचा किराणा सारखा येईल का? ज्या आईच्या घरात वाढत्या वयाचा मुलगा आहे, तिला विचारा. कणकेचा डबा कधी रिकामा झाला ते कळतच नाही.

यालाही शास्त्र आहे. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2,110 कॅलरी लागतात, तशाच बाईला 1,660. चार ते सहा वर्षांच्या मुलाला 1,360. आणि 16 ते 18 वयाच्या मुलाला? तब्बल 3,320. त्याच वयाच्या मुलीला 2,500. म्हणजे अकरावी-बारावीतल्या मुलीला ऑफिसात बसणाऱ्या वडिलांपेक्षा जास्त अन्न लागतं. किती घरांत तिला तेवढं वाढलं जातं?

माणसं नुसती मोजून चालत नाही, हे एंगेललाही कळलं होतं. त्याने पुढे एक एकक काढलं, 'केट'. नुकतंच जन्मलेलं बाळ म्हणजे 1 केट. वयाच्या प्रत्येक वर्षाला 0.1 वाढवायचा. बाईच्या बाबतीत विसाव्या वर्षी 3 वर थांबायचं, पुरुषाच्या बाबतीत पंचविसाव्या वर्षी 3.5 वर. आपण वर घेतलेली दोन घरं या मापाने मोजली तर दोन्हीकडे चार माणसं असूनही केट वेगळे निघतात. आज याहून सुधारित मापं वापरतात, पण मुद्दा तोच. 'दरडोई' हा आकडा सगळ्यांना एकाच मापात बसवतो.

आणि घराच्या आत कोण काय खातं, हे तर कुठल्याच दरडोई आकड्यात दिसत नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यात थोर स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं. कागदावर प्रमुख ती, पण बऱ्याच घरांत सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं घेऊन बसणारीही तीच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. त्यामागे कारणं अनेक आहेत. पण महिना ओढाताणीचा असला की दूध कोणाचं कमी होतं आणि अंडं कोणाच्या ताटातून जातं, हे आपण आपापल्या घरात पाहिलेलं असतं.

रेशनचं गणितही माणसांवर

कुटुंबाचा आकार ताटावर थेट कसा परिणाम करतो, ते रेशनमध्ये दिसतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, कुटुंबाला 35 किलो. आता भागाकार करा. चार जणांच्या अंत्योदय घरात माणशी पावणेनऊ किलो येतं. सात जण असतील तर 5 किलो, म्हणजे प्राधान्य कुटुंबाइतकंच. नऊ जण असतील तर चार किलोसुद्धा नाही. सगळ्यात गरीब म्हणून दिलेलं कार्ड मोठ्या घरात शेजाऱ्याच्या कार्डापेक्षा कमी पडतं.

जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. कार्ड देशभर चालतंही. पण मेसवाल्याला महिन्याचे पैसे म्हणून 5 किलो तांदूळ देता येत नाही! मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेर पडली की रेशनचं धान्य गावच्या चुलीवर शिजतं आणि पुण्यातला डबा रोख पैशांनी येतो.

एक चूल, दोन चुली

इथे आपण हॉस्टेलवर परत येतो. तालुक्याच्या गावातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. आकडे समजुतीपुरते आहेत, पण तुम्हाला ओळखीचे वाटतील. चार माणसं, महिन्याला तीस हजार येतात आणि तेवढेच जातात. किराणा, भाजी, दूध मिळून 9,600 रुपये. म्हणजे खर्चातले 32 टक्के.

थोरला मुलगा पुण्याला शिकायला जातो. दोन वेळचा डबा 3,200, नाश्ता-चहा 1,300. एकूण 4,500. मग घरचा किराणा चौथ्या हिश्शाने, म्हणजे 2,400 नी कमी व्हायला हवा ना? होत नाही. फोडणीला तेल तेवढंच लागतं. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरचीच येते. आजीचं पथ्य आणि पाहुण्यांचा चहा काही थांबत नाही. समजा खर्च 1,600 नी घटला आणि 8,000 वर आला. दोन्ही चुलींचे मिळून झाले 12,500.

माणसं तेवढीच. पगार तेवढाच. पोटं तेवढीच. खाण्याचा वाटा 32 टक्क्यांवरून जवळपास 42 वर गेला. खोलीचं भाडं, फी, एसटीचं तिकीट यांतलं काहीच यात धरलेलं नाही. शिक्षणाचा खर्च म्हटलं की आपण फीचीच पावती दाखवतो. पण दुसरी चूल पेटवण्याचा हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. घरचे तो दर महिन्याला मुकाट्याने भरतात. मागे राहिलेल्या बहिणीला बाहेर पाठवायचं की नाही, हा निर्णय बऱ्याचदा इथेच अडतो. तिच्या मार्कांवर नाही, तिसऱ्या चुलीवर.

आता मघाचा आकडा काढा. 4,500 रुपये म्हणजे गावाकडच्या दोन माणसांच्या सरासरी खाण्याहून जास्त. देशातल्या ग्रामीण भागातल्या सगळ्यात गरीब 5 टक्के लोकांचा तर माणशी महिन्याचा एकूण खर्च, कपडे, औषधं, मोबाइल रिचार्ज सगळं धरून, 2023-24 मध्ये 1,677 रुपये होता.

राज्य सरकारलाही हे माहीत आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ दरांत पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये धरले होते. भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. म्हणजे खाण्याचा वाटा 53 टक्के. आठवतंय, 2011-12 मध्ये ग्रामीण भारताचा वाटा किती होता? 52.9. शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं बजेट सरकारनेच आखलं, तेव्हा ते 2011-12 मधल्या गावातल्या घरासारखं निघालं. शिवाय वर्षाच्या हिशेबाने मिळणारी रक्कम आणि महिन्याच्या सुरुवातीला मागितले जाणारे मेसचे पैसे यांची गाठ पडेलच असं नाही.

टक्के फसवतात तेव्हा

एंगेलचा नियम वाचून वाटेल, की खाण्याचा टक्का कमी म्हणजे परिस्थिती बरी. घरांच्या मोठ्या गटासाठी ते खरं आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत मात्र सांभाळून.

समजा एका मुलीला महिन्याला 10,000 रुपये येतात. खोलीचे 4,000, डब्याचे 3,200, नाश्ता-चहाचे 1,000, बाकी 1,800. खाण्याचा वाटा 42 टक्के. घरमालकाने भाडं 1,000 नी वाढवलं. घरी मागायला जीभ रेटत नाही. ती रात्रीचा डबा बंद करते, डब्याचा खर्च 2,000 वर येतो आणि रात्री बिस्किटांचा पुडा नाहीतर वडापाव, त्याचे महिन्याला 200. आता खाण्याचा वाटा किती? 32 टक्के. कागदावर ती दहा टक्क्यांनी 'सुधारली'. प्रत्यक्षात ती रात्री अर्धपोटी झोपते.

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असा एखादा जण असतो. 'आज भूक नाही रे' म्हणणारा. 'डाएट सुरू केलंय' सांगणारी. प्रत्येक वेळी ते डाएट नसतं.

रूममेटची चूल

मग एकत्र रांधावं का? तेही गणित बघा. तीन रूममेट, किराणा-भाजी 5,400, स्वयंपाकाच्या मावशींचे 3,000, गॅस 600. एकूण 9,000, माणशी 3,000. आता सबमिशन संपवून एक जण महिनाभर गावी गेला. किराणा 3,600 वर आला, पण मावशींचे आणि गॅसचे 3,600 तेवढेच राहिले. दोघांत 7,200, म्हणजे माणशी 3,600. दोघांच्या चुलीचा खर्च तिघांच्या चुलीपेक्षा माणशी जास्त. एकत्र कुटुंबाला 'परवडतं' ते याच कारणाने.

इथे अर्थशास्त्रज्ञांना पडलेलं एक कोडंही सांगायला हवं. दोन घरांचा माणशी एकूण खर्च सारखा असेल, तर मोठ्या घराची भाडं, टीव्ही, फ्रिज यांत बचत होते. ते पैसे खाण्याकडे वळायला हवेत, निदान गरीब देशांत तरी. पण डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी 1998 मध्ये अमेरिकेपासून पाकिस्तानपर्यंतच्या देशांचे आकडे तपासले, तर उलटंच दिसलं. मोठी घरं खाण्यावर माणशी कमी खर्च करत होती, आणि गरीब देशांत हा फरक जास्त होता. का? मोठी घरं घाऊक घेतात म्हणून? वाया कमी जातं म्हणून? की सर्व्हेवाल्याला उत्तर देणाऱ्या एकाच माणसाला बाकीच्यांनी बाहेर काय खाल्लं ते ठाऊक नसतं म्हणून? यावर अजून एकमत नाही. तिसरं कारण मात्र आपल्याला पटेल. तुम्ही कॉलेजच्या कँटीनमध्ये महिन्याला किती उडवता, हे आईला माहीत आहे का?

तुमचा आकडा काढा

एक महिना मोबाइलमध्ये नोंद ठेवा. मेस, चहा, कँटीन, ऑनलाइन मागवलेलं, रूमवर आणलेलं, सगळं. त्याला महिन्याच्या एकूण खर्चाने भागा आणि शंभराने गुणा. मग घरी फोन करून किराणा, दूध, भाजी किती होते ते विचारा आणि घरचाही टक्का काढा. दोन्ही चुलींची बेरीज करून बघा.

टक्का बघताना तीन प्रश्न विचारा. पगार किती, हा पहिला. त्यावर जेवणारे कोण आणि किती वयाचे, हा दुसरा. आणि टक्का कमी झाला असेल तर तो पैसे वाढल्यामुळे झाला की कोणाचं तरी एक जेवण गेल्यामुळे, हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्व्हेत मिळणार नाही. ते शेजारच्या खोलीत मिळेल. रात्री मेसला निघताना तिथलं दार एकदा वाजवा.